दादूची जत्रा आणि रतनचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय साहेबराव, व्यासपीठावरील मान्यवर, बंगलोरला निघालेले आपले वेल्ह्याचे सावळाराम, आणि मघापासून चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेल्या भोरकर बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी सावळारामांना अलौकिक बुद्धीचे म्हटलं. म्हणोत बापडे! पुण्याच्या कचेरीत संगणकाची खोली मी सांभाळतो. हा माणूस किती डोकं खातो, ते मला विचारा.

गेल्या वर्षी, सत्त्याहत्तर साली, शाळांच्या एका परीक्षेचा निकाल आमच्या संगणकावर लागला. त्यात इथल्या चंद्राबाईंची रतन भूमितीला गैरहजर, म्हणून नापास. घरी स्थळ बघून ठेवलेलं. नापास झाली की शाळा बंद आणि लगीन. पोरीनं एसटी पकडली नि थेट आमच्या दारात. "म्या पेपराला व्हते. तुमचं यंत्र खोटं बोलतंय!"

आता यंत्राला पकडायचं कसं? टेलिटाइपवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या टंकयंत्रावर, डीबगर नावाच्या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमला हुकूम टंकायचा, 'अमुक जागी थांब.' याला म्हणतात ब्रेकपॉइंट. यंत्र थांबलं की पोटात काय आहे ते विचारायचं, मग 'चल पुढं.' शहाण्यानं बेतानं थांबवावं की नाही? ह्या सावळारामांनी गुणांची बेरीज सुरू होते तिथंच ब्रेकपॉइंट लावला. म्हणजे दर मुलाला थांबणार! वेल्ह्याची एसटी बरी हो, ती निदान हात केल्यावर थांबते. बाहेर लोक संगणकावरच्या पाळीसाठी खोळंबलेले, आणि शिव्या कुणाला? मला!

रतनचा नंबर जवळ आला, तर हे तिच्या आधीच्या पोरापाशीच अडून बसले. मी ओरडलो, "अहो, मुलगी पुढं आहे!" तर म्हणतात, "काका, खालच्या खाचरात पाणी न्हाई आलं, तर बांध वरच्या खाचराचा बघायचा."

वर कोण? हे दादू! मघाशी हार घेऊन आले तेच. भूमितीच्या दिवशी गावची जत्रा, आणि स्वारी कुस्तीच्या आखाड्यात. यंत्रानं दादूला गैरहजेरीची खूण केली, आणि ती न पुसताच रतनकडं गेलं; पुसायचं ते एका मुलानंतर. पुण्यात आधी या प्रोग्रॅमची चाचणी घेतली, तेव्हा यादीतली सगळी पोरं हजर होती, म्हणून चूक दिसलीच नाही. तिथं कुठली जत्रा? आणि यंत्राला हे शिकवलं कुणी? याच सावळारामांनी! स्वतःच भोक पाडायचं, स्वतःच बुजवायचं, वर शाल-श्रीफळ!

रतन चांगल्या गुणांनी पास निघाली, आता मास्तरीण व्हायला शिकतेय. पण आणखीही काही पोरं अशीच पास निघाली. ती का नाही आली भांडायला? यंत्र म्हणतंय म्हणजे खरंच, असं घरच्यांनी धरलं. याचा मला अजून संताप येतो.

असो. फार बोललो. जीभ कुठं घसरली असेल तर पोटात घाला. ऐकून घेतलंत, आभारी आहे. सावळाराम, बंगलोरला हवे तितके ब्रेकपॉइंट लावा, माझी ना नाही. पण जाण्याआधी एक हजेरी ऐकून जा. रतन, ऊठ बाळ. अगं, मोठ्यानं!

ऐकलंत? हजर हाय म्हणतीय.