उंच पोरानं रिंगखालीच राहायचं

(नांदेड. बास्केटबॉल शिकवणारे रामलिंग सर जाऊन सोळा दिवस झाले आहेत. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी देविका आणि सकाळच्या एसटीने औशाकडून आलेली शिवकांता.)

देविका : बाबा दरवर्षी तुमच्याकडे यायचे?

शिवकांता : दरसाल. तीस सप्टेंबरला. दुपारच्याला उतरायचे, सांजच्या गाडीनं माघारी. येक साल चुकलं न्हाई. करोनात तेवढं फोनवर.

देविका : आम्हाला सांगायचे, जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा असतो. आई दशम्या बांधून द्यायची.

शिवकांता : आमीच खायचो त्या. बाईंच्या हाताला चव हाय.

देविका : अक्का, रागावू नका, पण तुम्ही कोण? मी दार उघडलं, तुम्ही रडलात, मी पाणी दिलं. नावापलीकडे मला काही कळलेलं नाही.

शिवकांता : शिवमूर्तीची भैन.

देविका : कोण शिवमूर्ती?

शिवकांता : त्येंनी घरात नाव बी काढलं न्हाई?

देविका : कधीच नाही.

शिवकांता : मपला धाकला भाऊ. सतरा वर्षांचा, सव्वा सहा फूट. किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. हा लातूरला वसतिगृहात ऱ्हायचा, तुमच्या वडलांच्या टीममदी खेळायचा. घरी आला की चौकटीवर डोस्कं आपटायचा. आई म्हणायची, ह्याच्या बायकूला हार घालाया शिडी लागल. त्र्याण्णवच्या भूकंपात गेला.

देविका : मी त्याच वर्षी जन्मले. नंतर बाबांची नांदेडला बदली झाली.

शिवकांता : झाली न्हाई, मागून घेतली. लातूरच्या मैदानात पाय उचलंना म्हणले.

देविका : तुम्हाला बरंच सांगितलंय त्यांनी.

शिवकांता : तुमी चिडून राहिल्या, ताई. चिडा. म्या जे सांगाया आले ते ऐकून अजून चिडताल.

देविका : सांगा तर.

शिवकांता : मास्तरांचा कायदा व्हता. उंच पोरानं रिंगखालीच राहायचं. लांबून बाल टाकला की शिक्षा. ‘जा गावाकडं, दोन दिस शेणघाण काढ, मंग ये.’

देविका : बाबांचा कायदा? सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली खेळले. बाकीच्या मुलींचे कोच घसा फुटेस्तोवर ओरडायचे. मी विचारायचे, बाबा, माझं काय चुकतं? म्हणायचे, तुझं तू बघ.

शिवकांता : ते मागून. तवा त्येंनी शिट्टी मारली की मैदानातलं कुत्रं बी खाली बसायचं.

देविका : तेव्हा खेळच तसा होता म्हणा. उंच माणूस म्हणजे रिंगखालचा खांब. लांबून टाकायचं ते बुटक्यांनी.

शिवकांता : आमच्या मूर्तीनं टाकला. विसर्जनाच्या आदल्या दिशी. मास्तर म्हणले, नीघ. आला घरी. दुसऱ्या राती गणपती बुडवला, मिरवणुकीत लई नाचला, दमून आत जाऊन पडला. म्या अंगणात झोपले. पहाटं चार वाजाया आले असतील. पुढचं तुमाला ठावं हाय.

देविका : आणि बाबांना वाटलं, आपल्यामुळे.

शिवकांता : तिसऱ्या दिशी आले. ढिगाऱ्यापाशी माझ्या आईच्या पायावर डोस्कं ठिवलं. म्हणले, म्याच धाडला.

देविका : थांबा. एक मिनिट थांबा. म्हणून तो डर्क.

शिवकांता : त्यो लांबडा गोरा? फोनमदी दाखवायचे मला. बघ म्हणायचे, मनगट बघ, मूर्तीवानीच मोडतो.

देविका : जर्मनीचा. सात फूट उंची आणि बाहेरून टाकायचा. सुरुवातीला लोक हसले. मग अंगावर उडी मारली तरी त्याचा चेंडू अडेना, तेव्हा सगळ्यांनी आपापले उंच खेळाडू रिंगखालून बाहेर काढले. बाबा पहाटे उठून त्याच्या मॅचेस बघायचे. आई म्हणायची, देवपूजा राहिली तर चालेल, जर्मन राहता कामा नये. दोन हजार अकराला त्याची टीम पहिल्यांदा जिंकली, त्याच आठवड्यात माझा सीईटीचा निकाल लागला. पेढे घेऊन आत आले तर बाबा टीव्हीसमोर रडत होते. मी म्हटलं, अहो, मेडिकल मिळतंय मला, रडता काय? ‘हो बाळ,’ म्हणाले. पेढा हातात तसाच. डोळे टीव्हीवर. बारा वर्षं ते माझ्या मनातून गेलेलं नाही. टीव्हीतल्या परक्या माणसासाठी रडतात, आणि मी अशी समोर उभी.

शिवकांता : परका नव्हता त्यो त्येंला. येकदा मला म्हणले, शिवकांता, खेळ पुस्तकानं बदलत न्हाई. येक पोरगा कायतरी करून दावतो, मंग समदी पोरं तसंच करत्यात.

देविका : हे मलाही सांगायचे. जॉर्डन टीव्हीवर आला तर लातूरची पोरं जीभ बाहेर काढून उड्या मारायला लागली. आता अमेरिकेच्या त्या करी नावाच्या खेळाडूचं बघून दुसरीतली पोरं अर्ध्या मैदानातून फेकतात.

शिवकांता : त्याच्या पुढचं न्हाई सांगितलं?

देविका : पुढचं काय?

शिवकांता : आन् सगळ्यात पहिल्या पोराला मास्तर गावाकडं धाडतो. रडा, ताई. पर माझं राहिलंय अजून. मूर्तीनं त्यो बाल मुद्दाम टाकला व्हता.

देविका : म्हणजे?

शिवकांता : आठ दिसांवर मॅच. मास्तर सुट्टी देईनात. ह्याला मिरवणुकीत नाचायचं. कायदा ठावंच व्हता, लांबून टाकला की घरी धाडत्यात. आला तर हसून हसून बेजार. म्हणला, अक्का, सुट्टीसाठी टाकला आन् भाड्या नेमका आत पडला! मास्तर त्यानंच जास्त भडकले.

देविका : हे बाबांना माहीत होतं?

शिवकांता : न्हाई.

देविका : तीस वर्षं.

शिवकांता : हाव.

देविका : एका वाक्याचं काम होतं, अक्का. तो माणूस पोटच्या पोरीला ‘हे कर, ते करू नको’ म्हणायला घाबरला. आणि तुम्ही समोर बसून दशम्या खाल्ल्या?

शिवकांता : पहिले दोन साल राग व्हता. वाटायचं, जळू दे. मंग आई गेली. नव्या गावात समद्यांच्याच घरचं गेलेलं, कोण कुणाच्या मेलेल्याचं ऐकणार? मास्तर यायचे. त्याची उडी कशी, हात कसा, हसायचा कसा, बसून सांगायचे. मला वाटलं, खरं कळलं की त्येंच्या जिवावरचं वझं उतरंल. मंग कशाला येतील? ह्या साली सांगणार व्हते. इमानानं सांगते. तीस तारखेला फाट्यावर तीन गाड्या बघितल्या. मंग फोन लावला, तर तुमी उचलला. शिव्या द्या, त्यासाठीच आले.

देविका : नाही देता येत. द्याव्याशा वाटतात, पण नाही येत. मला एवढंच सांगा, इतकी वर्षं मूर्तीचंच बोलायचे?

शिवकांता : अर्धा येळ मूर्तीचं. अर्धा येळ तुमचं.

देविका : माझं?

शिवकांता : माझी पोरगी लांबून टाकती म्हणायचे. भिताडाआडून बघतो, धा टाकले तर सात पडत्यात. उजवं कोपर जरा भाईर जातंय, पर म्या बोलत न्हाई. बोललो आन् तिनं सोडलंच तर?

देविका : कोपर बाहेर जायचं?

शिवकांता : तसंच म्हणायचे. मला काय कळतंय त्यातलं.

देविका : उजवं?

शिवकांता : उजवं. लई पुढं जाईल म्हणायचे. मंग तुमी सोडलं कामून, ताई?

देविका : अकरावीला क्लास लावला. नांदेडला तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. बॅच सकाळी साडेसहाची, सरावाची वेळही तीच. पहिल्या दिवशी दप्तर घेऊन दारात आले. बाबा इथेच, ह्या खुर्चीवर पेपर वाचत होते.

शिवकांता : मंग?

देविका : थांब म्हणतील म्हणून बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली.