पाऊण इंच आणि एक घडीची खुर्ची

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, ज्यांच्या पातेल्यातलं खाऊन आपण सव्वीस वर्षं हरत आलो त्या हॅडॅडबाई. व्यासपीठावर आपल्या दाढीसह उपस्थित असलेले ड्वेन पेटवे. आजचे सत्कारमूर्ती, माझे शिक्षक एमरी तोथ सर. ज्या काच कामगार युनियनने हा हॉल आपल्याला दिला, तिचे पदाधिकारी. आणि स्टेडियमच्या पार्किंग 'सी'मधल्या माझ्या सर्व पराभूत बंधुभगिनींनो,

मला बोलायला सांगताना हॅडॅडबाई म्हणाल्या, "कोरीन, तूच बोल. तू रडणार नाहीस." हा माझ्या वक्तृत्वाचा गौरव आहे की आणखी कशाचा, हे मी विचारलं नाही. मी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासते. उपकरण खरं बोलतंय का, एवढंच मला सांगता येतं. तेव्हा आजही तेवढंच सांगेन.

आधी हंगामाचा आढावा. सतरा सामने, सतरा पराभव. हा आकडा मी दोनदा तपासला आहे. आपला फुटबॉल संघ, ग्लासमेन, तिसऱ्या आठवड्यात इतका जोमात होता की आपल्याच एका खेळाडूने आपल्याच दुसऱ्याला आडवा केला, आणि त्या दिवसाची ती आपली सर्वांत स्वच्छ पकड होती. सातव्या आठवड्यात प्रशिक्षक बदलला. आठव्या आठवड्यात कळलं, दोष प्रशिक्षकाचा नव्हता. नोव्हेंबरात लोक डोक्यावर कागदी पिशव्या चढवून बसायला लागले. तेव्हा हॅडॅडबाईंनी पार्किंगमध्ये जाहीर केलं, "लाज वाटत असेल तर पिशवी घाला, पण तोंडाशी भोक ठेवा. माझं मसुराचं सूप वाया जाता कामा नये."

आणि पेटवेसाहेब. सप्टेंबरमध्ये त्यांनी शपथ घेतली, पहिला विजय मिळेपर्यंत दाढी करणार नाही. या हंगामात सातत्याने पुढे सरकलेली ही एकच गोष्ट.

(होय, ड्वेन, ऐकलं मी. मागच्यांसाठी सांगते, ते म्हणतायत, "पोरी, दाढीवर बोलायचं काम नाही." ठीक आहे. पुढे जाते.)

मित्रहो, अशा संघाचा चाहता असणं म्हणजे काय, असं मला कारखान्यात लोक विचारतात. तू एवढी काटेकोर, मग दर रविवारी थंडीत बसून हे का बघतेस? मी उत्तर देत नाही. उत्तर नसतं असं नाही. पण ते जेवणाच्या सुट्टीत बसत नाही.

आता सरांविषयी.

सरांनी आयुष्यभर शाळेत धातुकाम शिकवलं आणि एकतीस वर्षं दर घरच्या सामन्याला क्लिप धरली. क्लिप कुठली, हे इथे कुणाला सांगायला नको, पण युनियनचे पाहुणे आहेत म्हणून सांगते. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला मिळतो. गेलो की नाही, हे दोन काठ्यांमधल्या साखळीने मोजतात. आणि ती साखळी मैदानात नेताना तिची जागा हलू नये म्हणून मैदानावर रंगवलेल्या मधल्या एका पट्टीच्या कडेशी जुळवून साखळीला एक क्लिप लावलेली असते. काठ्या धरणारे टीव्हीवर दिसतात. क्लिपवाला दिसत नाही. तो वाकलेला असतो.

हे सगळे आपल्याच गावचे लोक. कुणी शिक्षक, कुणी विमा विकणारा. रविवारी पंचांच्या मदतनिसांचं जॅकेट चढवतात आणि नियम असा, की त्या जॅकेटमध्ये ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हसायचंसुद्धा नाही. आपल्या संघापासून पाच पावलांवर, एकतीस वर्षं! शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्हाला ओरडावंसं वाटत नाही?"

"वाटतं ना."

"मग?"

"सोमवारी शाळेत येताना गाडीत ओरडतो. काचा वर करून."

त्याच वर्षी सरांनी माझा ॲल्युमिनियमचा ठोकळा तीन वेळा परत केला. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणाले, "सर, जवळजवळ बरोबर आहे." सरांनी जाडी मोजायचा कॅलिपर माझ्या हातात दिला. म्हणाले, "झेलिन्स्की, तुला तो बरोबर हवा आहे. ते मला दिसतंय. आता तो किती आहे ते वाच." मी वाचलं. चौथा ठोकळा केला. आज मी जे काम करते, ते त्या दुपारपासून करते.

आता पार्किंग 'सी'ची एक पद्धत. सामना संपला की आपण बाहेर येतो, पण सरांना जॅकेट जमा करून यायला वेळ लागतो. म्हणून ते येण्याआधी त्यांची खुर्ची उघडून ठेवायची, निळ्या पट्ट्यांची, घडीची. आणि सुपाचा पहिला वाडगा तिच्यावर. खुर्ची कुणी उघडायची याची यादी हॅडॅडबाईंच्या व्हॅनच्या दाराला चिकटवलेली असते. साधी गोष्ट आहे. पण हरलेल्या दिवशी माणसाला उभं ठेवायचं नाही, हा आपला एकमेव लेखी नियम.

सतराव्या सामन्याच्या दिवशी यादीवर नाव माझं होतं.

तो दिवस तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला तो सांगायचाच आहे. आपण चारच गुणांनी मागे. एक मिनिट चाळीस सेकंद उरलेली. शेवटचा प्रयत्न, फूटभर अंतर हवं. पेटवेसाहेबांनी खिशातून वस्तरा आणि फेसाचा डबा काढून मांडीवर ठेवला. आपला खेळाडू ढिगाऱ्यात घुसला, ढिगारा उठला, पंचांनी चेंडू ठेवला आणि साखळी मागवली.

तुम्ही कधी सत्तर हजार माणसं एकदम गप्प झालेली ऐकली आहेत? फक्त साखळीची किणकिण येत होती. सर चालत मैदानात गेले, आमच्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसले, क्लिप पट्टीच्या कडेला लावली. आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, "सर, सरकवा ना थोडी!"

तो आवाज माझा होता.

अनेकांना वाटलं, ड्वेनचा. ड्वेनने आजवर ते अंगावर घेतलं. ड्वेन, आभारी आहे. आता पुरे.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. ते कधीच वळत नाहीत. पण त्यांची पाठ एक क्षण थांबली, आणि ते मी पाहिलं. पुढच्या काठीपर्यंत साखळी ताणली गेली. चेंडू पाऊण इंच कमी पडला. पुढचं सांगायला नको.

बाहेर आल्यावर मी व्हॅनपाशी गेले, यादी पाहिली आणि खुर्ची उघडली नाही. विसरले नाही. उघडली नाही. सर आले. कुणीतरी "आपलाच माणूस!" एवढंच म्हणालं, तेही सुपाकडे बघून. सरांनी उभ्यानेच दोन चमचे सूप घेतलं, वाडगा व्हॅनवर ठेवला, "छान झालंय, लव्हर्न," असं हॅडॅडबाईंना म्हणाले आणि गेले.

बुधवारी हॅडॅडबाईंना सरांची चिठ्ठी आली, ती अशी: पुढच्या हंगामापासून मोजमाप कॅमेरे करणार आहेत, तेव्हा मी जॅकेट परत केलं आहे. यापुढे सामने घरीच बघेन. खुर्ची कुणाला हवी असेल तर द्यावी.

हॅडॅडबाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "सत्काराचा हॉल ठरवतेय. आणि खुर्ची मी कुणालाही देणार नाहीये, ऐकलंस? ज्याने ती उघडली नाही, त्याने ती हॉलमध्ये आणून उघडायची."

त्यामुळे सर आत्ता ज्या खुर्चीवर बसलेत, ती तीच आहे. सकाळी साडेनऊला मी उघडली. डावा पाय थोडा अडकत होता. तेल घातलं.

आता एक तांत्रिक मुद्दा. (ड्वेन, दोनच मिनिटं.) त्यानंतरच्या आठवड्यात मी हिशेब करून बघितला. पंच चेंडू ठेवतात तो नजरेने. क्लिप लावतात तीही नजरेने, चार इंच रुंद रंगाच्या पट्टीच्या कडेला, आणि जानेवारीत ती कडा अर्धी पुसलेली असते. साखळी थंडीत आखडते, ते सोडून देते, नगण्य आहे. सगळं धरून त्या मोजमापात दीड इंच इकडे किंवा तिकडे अशी चूक राहू शकते. आणि आपण कमी पडलो पाऊण इंच. म्हणजे सरांनी क्लिप इंचभर सरकवली असती, तर जगातला कुठलाही माणूस, कुठलाही कॅमेरा, माझी सगळी प्रयोगशाळासुद्धा त्यांना पकडू शकली नसती. आणि हे सरांना माहीत होतं. माप घेताना किती चूक राहते, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्यांच्या हातात आपला पूर्ण हंगाम होता. मागून त्यांचीच विद्यार्थिनी ओरडत होती. त्यांनाही तो विजय हवा होता, एकतीस वर्षं काचा वर करून ओरडलेल्या माणसाला किती हवा असेल! त्यांनी कडा बघितली आणि क्लिप कडेला लावली.

आणखी एक आठवण करून देते. ऑक्टोबरमध्ये याच क्लिपने आपल्याला बोटभर फरकाने पुढे नेलं होतं. तेव्हा आपण एकमेकांच्या गळ्यात पडलो. क्लिपची चौकशी कुणी केली नाही. पाहुण्या संघानेही केली नाही. का नाही केली? कारण इथे क्लिप कोण धरतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. तो सामना आपण एकतीस-सहा असा हरलो, ही गोष्ट वेगळी.

सर, माझ्याकडून दोन चुका झाल्या. एक आवाजाची, एक खुर्चीची. पहिलीचं स्पष्टीकरण देता येईल. दुसरीचं नाही. मी माफी मागते, आणि ती इथे मागते, कारण ओरडलेही सगळ्यांसमोर होते.

आता मागणी. तिसऱ्या रांगेत नऊ नंबरची जागा माझ्या वडिलांची. ते ॲरिझोनाला गेले, तिथे ऊन असतं. वर्षभर ती रिकामी होती आणि आम्ही तिच्यावर कोट ठेवत होतो. पुढच्या सप्टेंबरपासून तुम्ही तिथे बसावं. डावीकडे मी, उजवीकडे ड्वेन. तिथे जॅकेट नसतं. तिथे ओरडावं लागतं, सर. न ओरडणाऱ्याला हॅडॅडबाई सूप देत नाहीत. पुढच्या वर्षीही आपण हरू, हे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकते. पण तुम्ही घरी बसून एकटे हरावं, हे आम्हाला मान्य नाही.

उत्तर आत्ताच हवं आहे. हो किंवा नाही.

...काय म्हणालात, सर? माइक घ्या ना. नको? बरं, मी सांगते. सर विचारतायत, "ड्वेन माझ्या अगदी शेजारी?"

हो, सर. अगदी शेजारी.

सर म्हणतायत... सर, हे तुम्ही स्वतःच म्हणा. मोठ्याने. आता जॅकेट नाहीये.

"ड्वेन! त्या झुडपाचं आधी काहीतरी कर! मला मैदान दिसायला हवं!"

ऐकलंत? एकतीस वर्षांनंतरची गाडीबाहेरची पहिली आरोळी. हॅडॅडबाई, हे उत्तर मी "हो" असं समजते. ड्वेन ओरडतायत की शपथ म्हणजे शपथ. तो वाद तुम्ही दोघं आता दर रविवारी घालायला मोकळे आहात.

हॅडॅडबाईंचे, युनियनचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि सतरा आठवडे न चुकता हरायला आलेल्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. मला दहा मिनिटं दिली होती, मी थोडी पुढे गेले. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर बाकीच्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावं. तोथ सरांनी सोडू नये. त्यांनी ते नीट मोजावं, आणि किती चुकलं ते मला सप्टेंबरमध्ये, नऊ नंबरवर बसून, ओरडून सांगावं.