वर टांगलेलं नाक

दिपमाला : पण आबा, वहीत दिसतंय, गेल्या हंगामात या तेलाच्या कारखान्यातला गॅसचा अलार्म सारखा वाजायचा. यंदा एकदाही नाही. अशी काय जादू केलीत तुम्ही?

चुडामण : जादू कसानी, ताई! डोकं लढावं. नाक वर टांगी दिन्हं.

दिपमाला : कुठलं नाक?

चुडामण : हाऊ गॅसना सेन्सर. आम्ही त्याले नाकच म्हंतस. पहिले तो आठे, फरशीजोडे व्हता. रोज सकायले फरशी धुतस ना, पानी उडे, नाक ओलं व्हये, आन बठ्ठा प्लान्ट बंद! शेठ येडा व्हई जाये. मंग मी त्याले वर पत्राजोडे चढाई दिन्हा. शेठनी मनी पाठ थोपटी.

दिपमाला : पाणी उडत होतं म्हणून हलवला, हे पटलं. पण वरच का?

चुडामण : वायू वरच जास ना. चुल्हाना धूर कोठे जास?

दिपमाला : चुलीचा धूर गरम असतो, आबा. ढेपेतून उरलेलं तेल काढायला तुम्ही इथे हेक्झेन वापरता, पेट्रोलसारखं. त्याची वाफ कुठे जाते, बघितलंय?

चुडामण : दिसस कोठे ती? दरसाल धुळेथीन तपासनीले इंजिनियर येतस, सही करीसन जातस. तुम्हीच इतलं इचारतस.

दिपमाला : दिसत नाही, म्हणूनच तर मला तिचं कुतूहल. हे मीटर धरा. शिडीवर चढून तुमच्या नाकापाशी न्या.

चुडामण : ...शून्य! हवा चोख शे. चला, करा सही. ढेपन्या गाड्या गेटवर उभ्या शेतस, शेठना फोन येईच आते.

दिपमाला : करते हो. आता मीटरला सुतळी बांधा आणि त्या खड्ड्यात सोडा.

चुडामण : ढेपना पट्टाखालना खड्डामा? तठे काय मिळी? ...सोडस. शून्य. शून्यच. ...आरे! हाई काय बोंबली ऱ्हायनं?

दिपमाला : वर ओढा बरं.

चुडामण : गप्प व्हयनं. ...परत सोडस. माय वो! खाले बोंबलस, वर गप्प!

दिपमाला : हवेपेक्षा जड असते ही वाफ. पाण्यासारखी उतरते आणि खोलगट जागी साचते. तुमचं नाक बिचारं वर पत्र्याखालचा वारा हुंगत बसलंय.

चुडामण : म्हंजे वास व्हता, नाकले ऊनाच नई.

दिपमाला : या खड्ड्यात कोणी उतरतं का?

चुडामण : तानुबाई. मनी बायको. सांडेल ढेप झाडाले रोज उतरस. वर उनी का चक्कर येस, डोकं धरीसन बशी जास. मी तिले बोलू, इतला उपास करू नको. अमळनेरले डॉक्टरनी शुगर तपासी, बीपी तपासी. काहीच निंघनं नई.

दिपमाला : सुट्टीच्या दिवशी येते चक्कर?

चुडामण : सुटीले? सुटीले ती दिनभर वावरमा निंदस... नई. एकदाबी नई.

दिपमाला : आत्ता कुठे आहेत त्या?

चुडामण : झाडू लेवाले गयी. ...ती दखा, उनीच! ए तानू! उतरू नको! कसाले ते मंग सांगसू, वरच थांब!

(तो धावत जाऊन लाल बटण दाबतो. यंत्रांचा आवाज हळूहळू विरतो. पॅनेलच्या खोलीतला फोन वाजू लागतो.)

दिपमाला : शेठच असतील. मी बोलते. सांगते, मीच प्लान्ट बंद करायला लावला.

चुडामण : नई ताई, मी बोलसू. गाड्या उभ्या ऱ्हातीन तर ऱ्हावोत. भ्या वाटस, पन शेठनं नई.

दिपमाला : आधी गळती शोधू. तोवर खड्ड्यात कोणी उतरायचं नाही. मग सेन्सर खाली घेऊ. पाणी उडू नये म्हणून त्याला टोपण मिळतं, मी आणून देते.

चुडामण : कितला खाले लावू?

दिपमाला : हा फरशीपासून हातभर वर. आणि खड्ड्यात दुसरा हवा. तो कुठे लावायचा, तुम्ही सांगा.

चुडामण : तानू बशीसन झाडस, ताई. तिना नाकना उंचीले लावसू.