सगळी घरं खाली

...अन् वरून मलाच विचारता, ‘तू काय केलं रे?’ अहो, तुम्हाला सांगतो, हे दिवे, ह्या फरश्या, हे नळाचं पाणी, सगळं माझ्या मायच्या एका शब्दानं अन् माझ्या कुलपांनी आलंय! आमची गल्ली म्हणजे समजले काय तुम्ही?

प्लेगच्या साली सगळे गुजरात सोडून खानदेशात पळाले ना... परत येऊन बघतात तर लूमखातं, आमचा कापड विणायचा कारखाना, बंद! पगार नाही तर घराच्या कर्जाचा हप्ता कुठला? बँकेनं पटापट घरांना सील ठोकलं. हिलालकाकांचा तर स्टोव्हवर भात होता. भात आत, माणसं बाहेर! काका बिचारे तिकडे पर्वत पाटियाच्या वस्तीत कुणाच्या तरी ओट्यावर पडलेले. तेवढ्यात सरकारी योजना आली, उजाड गल्ल्या पुन्हा वसवायच्या! सरकार हप्ते भरणार, सील निघणार. पण अट काय? निम्म्याहून जास्त घरं रिकामी पाहिजेत. अन् आमची कमी पडत होती! आता रिकामी घरं काय बाजारातून आणायची?

साहेब आले. पक्के गुजराती. मायला विचारतात, “बेन, केटलां घर खाली छे?” त्यांच्यात खाली म्हणजे रिकामं. मायची गुजराती भाजीवाल्यापुरती! ती म्हणते, “सगळी खालीच, भाऊ! वर माडी चढवायची ऐपत कुणाची इथं?”

“बधां?” म्हणजे, सगळी?

“बधां!”

झालं! साहेब घरं बघायला उठले अन् माझं डोकं चाललं. शेजारच्या धर्मेंद्रला म्हटलं, पळ! माणसं आत ढकलली, बाहेरून कुलपं. कमी पडली तिथं सायकलची लावली! कुणी चूं केलं नाही. अशी आमची गल्ली, समजले काय तुम्ही? फक्त आमचा म्हातारा दगाबाबा... ऐन वेळेला त्याला तंबाखूचा ठसका! खॉक, खॉक!

साहेब थबकले. “अंदर कोण छे?”

म्हटलं, “उंदर, साहेब! एवढा!”

प्लेगच्या गावात उंदराचं नाव! साहेब नाकाला रुमाल लावून, ‘बधां खाली, बधां खाली’ करत थेट रिक्षात!

अन् हिलालकाकांचं सील निघालं त्या दिवशी मी रडलो म्हणतात. खोटं आहे. फरशीवाल्यांचं सिमेंट उडत होतं!

आता फक्त एकच लचांड. सरकारच्या लेखी आमच्या गल्लीत कुणी राहतच नाही. म्हणून एक सरकारी माणूस सारखा येतो, आम्हाला आमचंच घर दाखवतो, राहायला या म्हणतो. “बेन, पाणी छे, लाइट छे, रहेवा आवो ने!”

माय त्याला चहा पाजते अन् म्हणते, “घर बरं आहे, भाऊ... ह्यांना विचारून सांगते.”