लहान झालेली चिप

ड्युटी संपवून पाय ओढत नर्सबाई बसच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. पुढे दोघं बोलत होते, गेम कन्सोलच्या कंपनीतले. धाकटा चिप आखणारा, थोरला तिला थंड ठेवणारे पंखे बनवणारा.

“झाली एकदाची चिप लहान, दादा. सिलिकॉनच्या एका चकतीतून आता दुपटीने निघतात. वायाही कमी जातात.”

“म्हणजे कन्सोलवर आता पैसे सुटणार?”

“सुटणार. इतकी वर्षं तोट्यात विकून गेमवर भरून काढत होतो.”

“मग तोंड का पाडलंयस?”

“लहान चिप फारशी तापत नाही.”

“बरंच आहे की. पंखा लहान करू.”

“पंखा बाजारातून तयार घ्यायचं ठरलंय.”

“आणि आम्ही?”

“तुमचा विभाग बंद होतोय. सांगायला जीभच उचलत नव्हती, दादा.”

रांग जरा पुढे सरकली. नर्सबाईही सरकल्या.

“तूच केलीस ना ती लहान?”

“मीच.”

“चांगली झालीय?”

“फार चांगली झालीय.”

“मग झालं तर. बस आली बघ. चढ आधी, दोघांची जागा धर.”