वडाच्या फेऱ्यांचं उत्तर

हसू नका गं, पण एका वटपौर्णिमेला आमच्या ह्यांनी माझ्या व्रताचंच गणित मांडलं. मी शहाद्याला सासरी, ते पुण्याला कॉलेजात. सुट्टीत आले तरी दिवसभर पदार्थविज्ञानाची उदाहरणं सोडवायचे. माझ्याशी बोलणं कामापुरतं. त्या दिवशी वडाला सूत गुंडाळून मी दमून आले, तर वर न बघताच म्हणाले, "चालनी गंज, पण जठून निंघनी तठेच उनी. गणितमा हाई विस्थापन शून्य शे."

एवढं चालले, पण निघाले तिथंच परत आले, म्हणून सगळं शून्य! उपाशीपोटी मला रडूच आलं. दोन दिवसांनी ते परत जाणार होते, नोकरीही तिकडेच बघणार होते. मी म्हटलं, "मंग तुम्हना पुण्याना फेरा बी शून्यच येऊ द्या. वडले मी तेच मांगी उनू." निघाले तिथंच, माझ्याकडं, परत यावेत, एवढंच मी वडाकडं मागून आले होते.

तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. म्हणाले, "हाई उदाहरण पुस्तकमा नही शे. माले सोडवाले वखत लागी."