टाकीचा तळ

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसली होती. शेजारच्या बाकावर चुंबकाच्या कारखान्यातले दोघं, दाजी आणि त्यांचा मेहुणा, दबक्या आवाजात बोलत होते.

"दाजी, सांडपाण्याच्या टाकीत परवापर्यंत पांढरा गाळ साचायचा. आता तळ दिसतो. गाळ गेला कुठे?"

"पाणी सुधारलं."

"आपोआप? मला शेंडी लावू नका."

"अरे, चुंबकात घालायचे ते दुर्मिळ धातू, थोडे पाण्यात उरतात. धुण्याचा सोडा घातला की कार्बोनेट होऊन खाली बसतात."

"ते मला सांगताय? तो गाळ उपसून माझी कंबर गेली."

"म्हणून तर साहेब म्हणाले, सोडा भरपूर घाला. सोड्यातलं कार्बोनेट जास्त झालं की धातूला चहूबाजूंनी कवटाळतं आणि त्याला घेऊन परत पाण्यात विरघळतं. उपसायची कटकट मिटली."

"म्हणजे धातू पाण्यातच आहे."

"दिसतो का तुला?"

"दिसत नाही म्हणूनच विचारतोय. ते पाणी सोडता कुठे?"

"नाल्यात."

"आणि तपासायला कोणी आलं तर?"

"बाटली उजेडात धरायची. नितळ आहे, यात खोटं काय?"

शिंपीणबाईचा हात गालावरून खाली आला. दाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"ताई, तुम्ही राहता कुठे?"

"नाल्याकाठी, खालच्या अंगाला. विहीर आहे आमची तिथे."

दाजी खाकरले आणि मेहुण्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाले, "तर काय सांगत होतो, पाणी आता अगदी पिण्यासारखं झालंय बघ."